माझा फोटो आणि १४८ हा आकडा बोर्डावरून उतरवा: माझ्याच शाळेच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, संचालक मंडळाचे सर्व सदस्य आणि मुख्याध्यापक सर,

सप्रेम नमस्कार.

शाळेचं नाव मी या पत्रात कुठंच लिहिणार नाहीये. तुम्हाला ते कळेलच आणि बाकीच्यांना कळायची गरज नाही. पहिली ते दहावी मी तुमच्याकडंच शिकले, शाळेची बदनामी करायला मी बसलेले नाही. पण हे पत्र पाकिटात घालून ऑफिसात दिलं असतं तर ते कपाटात गेलं असतं, आणि ज्यांच्या घरी आत्ता तो फॉर्म आलाय त्या आईबापांपर्यंत पोचलंच नसतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

झालं असं की मागच्या शुक्रवारी संध्याकाळी शिरोलीवरनं कंपनीतनं घरी येताना शाळेच्या कोपऱ्यावर सिग्नलला गाडी थांबली आणि समोर मोठा डिजिटल बोर्ड दिसला. "प्रज्ञावंत तुकडी, इयत्ता तिसरीपासून, जागा मर्यादित." खाली डाव्या बाजूला एका मुलीचा फोटो, दोन घट्ट वेण्या, तेल लावून चापून बसवलेले केस, लाल रिबिनी. मला ओळखायला दोन-तीन सेकंद लागले. ती मी होते. १९९९ सालचा, शाळेच्या अहवालातला फोटो. फोटोखाली माझं लग्नाआधीचं पूर्ण नाव आणि त्याच्यापुढं लाल अक्षरात "आयक्यू १४८".

सिग्नल सुटला तरी मी तिथंच उभी. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला तेव्हा पुढं झाले.

मला कुणी फोन केला नव्हता, कुणी विचारलं नव्हतं. पण नुसत्या फोटोचाच विषय असता तर मी शाळेत येऊन सरांना सांगितलं असतं आणि विषय संपला असता. रविवारी माझा भाऊ घरी आला. त्याचं उद्यमनगरात गॅरेज आहे. त्याचा मुलगा, माझा भाचा, तुमच्याकडं दुसरीत आहे. भावानं खिशातनं घडी घातलेला कागद काढला, तुमचा संमतीचा फॉर्म, घडीवर ऑइलचं बोट उमटलेलं. दुसरीच्या सगळ्या मुलांची बुद्धिमत्ता चाचणी होणार, आकडे दर्शनी फलकावर लागणार, वरच्या चाळीस मुलांची वेगळी तुकडी होणार, आणि शिवाय ऐच्छिक म्हणून बोटांच्या ठशांवरनं बुद्धिमत्ता सांगणारी एक टेस्ट, तिचे पैसे वेगळे. भाऊ मला म्हणाला, "ताई, ह्यात कितीच्या वर आलं म्हंजे बरं असतंय? तुझ्यावर गेला असला तर निघंल की गा त्याचं नाव."

मला त्याला काय उत्तर द्यावं ते सुचेना. तो जे विचारत होता त्याच्यामागं पंचवीस वर्षं आहेत, आणि ती तुम्हाला माहीत नाहीत म्हणून सांगते.

माझी चाचणी झाली ती चौथीत. तेव्हा स्कॉलरशिप चौथीला असायची, मला तिच्यात चांगले मार्क पडतील असं सगळ्या बाई म्हणत होत्या, आणि त्याच वर्षी बाहेरनं एक मॅडम आल्या होत्या. प्रयोगशाळेत एका टेबलावर मला बसवलं. लाल-पांढरे ठोकळे होते, चित्रात दाखवलंय तशी नक्षी जुळवायची. मग आकडे म्हणायचे, त्यांनी म्हटलेले मी उलटे म्हणायचे, तीन आकडे, चार आकडे, पाच. हातात स्टॉपवॉच. आणि मी खरं सांगते, शाळेतल्या दहा वर्षांतला तो माझा सगळ्यात आनंदाचा तास होता. का, तर मी बरोबर उत्तर दिलं की त्या मॅडम पुढचं अजून अवघड काढायच्या. ते आलं की त्याच्यापेक्षा अवघड. शेवटी एक नक्षी अशी आली की मला जमेचना, नऊ ठोकळे हातात, तोंड लाल झालेलं, आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "राहू दे, इथपर्यंत कुणी येत नाही." मला ती नक्षी परत करून बघायची होती. मी विचारलं, उद्या येऊ का? त्या हसल्या आणि ठोकळे डब्यात भरले.

त्यानंतर मला ते ठोकळे कधी कुणी दिले नाहीत. आकडा तेवढा राहिला.

माझ्या वडलांना, आण्णांना, ऑफिसात बोलावून सांगितलं, मुलीचं वय दहा पण डोकं पंधरा वर्षांच्या मुलीचं. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगच्या सरांनी दर्शनी फळ्यावर रंगीत खडूनं माझं नाव लिहिलं, बाजूला फुलांची वेल काढली, आणि खाली १४८. तो फळा वर्षभर पुसला नाही. आण्णा फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओततात त्या कारखान्यात, कोअर शॉपला होते, काळे हात घेऊन शाळेच्या गेटात यायला लाजायचे, ते त्या दिवशी धुतलेला शर्ट घालून फळा बघायला आले होते. त्यांचा आनंद खोटा नव्हता आणि त्यांना मी कधीच दोष देणार नाही.

पण वर्गात काय झालं ते ऐका. पाचवीपासनं माझी वही तपासणं बंद झालं. बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन बसायच्या, माझी वही आली की न उघडता सही. मी हात वर केला की "तुला येतंय, खाली ठेव". गणिताच्या तासाला मला मागच्या बाकावरच्या मुलींना शिकवायला बसवायचे, म्हणजे मी सहा वर्षं जे मला आधीच येत होतं तेच दुसऱ्यांना सांगत बसले, आणि त्या मुलींना मी आवडायचे का, तर नाही, त्यांच्या जागी मी असते तर मलाही नसती आवडली. जास्त प्रश्न विचारले तर आगाऊ. काहीच विचारलं नाही तर गर्व आलाय. माझ्याशी बोलायला वर्गात कुणी नव्हतं, मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयाच्या पायरीवर डबा खायचे, आणि ते कुणाच्या डोळ्यात आलं नाही कारण सगळ्यांना वाटायचं पोरगी वाचायला बसलीय.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. पाचवीत असताना माझे आजोबा गेले. पंचगंगेच्या घाटाकडं पुरुषमाणसं गेली, आम्ही घरात. त्या रात्रीपासनं मला झोप येईना, म्हणजे आजोबा आता कुठं आहेत, मी मेल्यावर मला अंधार दिसेल का काहीच दिसणार नाही, काहीच न दिसणं म्हणजे कसं, हे डोक्यात फिरायचं आणि पोटात गोळा यायचा. महिनाभर मी आईच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचे. शाळेत एकदा रडू आलं तर बाईंनी जवळ घेतलं नाही, म्हणाल्या, "तू एवढी हुशार, तुला तर कळायला पाहिजे." डोकं पंधरा वर्षांचं असेल नसेल, मी मात्र दहा-अकरा वर्षांचीच होते. जे प्रश्न पंधराव्या वर्षी पडायचे ते मला आधी पडले, पण ते सोसायला लागणारं बळ काही आधी आलं नाही. लवकर समजणाऱ्या मुलांचं हे असंच असतं, डोकं पुढं पळतं आणि बाकीचं सगळं वयाप्रमाणंच वाढतं. अशा मुलाला शिक्षक जास्त लागतात, कमी नाही. तुम्ही त्या काळात माझ्याकडं बघितलं खूप, पण शिकवलं कुणीच नाही. माझी सगळी तक्रार या एका वाक्यात आहे.

दहावीपर्यंत निभावलं. अकरावी सायन्सला फिजिक्सच्या पहिल्या युनिट टेस्टला पंचवीसपैकी सात पडले. पेपर मी घरी ट्रंकेत साड्यांच्या खाली लपवला. मला खरोखर माहीत नव्हतं की माणसं अभ्यास कशी करतात, एखादी गोष्ट कळली नाही तर त्याच्यापुढं बसून राहायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मला वाटायचं कळत नाही म्हणजे आकडा खोटा होता आणि आता सगळ्यांना कळणार. डाउट विचारायला गेले तर कळणार. म्हणून गेलेच नाही. क्लासच्या वेळेला रंकाळा तळ्याच्या कठड्यावर जाऊन बसायचे. इंजिनीअरिंगला कशीबशी ॲडमिशन झाली आणि तिथं दुसऱ्या वर्षाला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, आणि अजून विषय राहून माझा वायडी, म्हणजे इयर डाउन, झाला. एक पूर्ण वर्ष. आण्णांना मी चार महिने खोटं सांगितलं, सकाळी डबा घेऊन केएमटीच्या बसनं निघायचे आणि संध्याकाळी परत.

मला यातनं बाहेर काढलं ते राजारामपुरीतल्या एका रिटायर्ड सरांनी. त्यांना माझा आकडा माहीत नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी लाप्लासचं एक गणित सोडवलेलं माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "जिथपर्यंत कळलंय तिथं बोट ठेव." मी शेवटच्या ओळीवर ठेवलं. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. मग मी बोट वर वर सरकवत दुसऱ्या ओळीवर आणलं. तेव्हा म्हणाले, "बरं, मग आपण तिसरीपासनं सुरू करू." एवढंच. वीस वर्षांच्या आयुष्यात मला कळत नाहीये ही गोष्ट कुणीतरी पहिल्यांदा इतकी साधी करून दाखवली, आणि घरी येताना मी बसमध्ये रडत होते.

आज मी फाउंड्रीतच आहे, मेथडिंगला, म्हणजे साच्यात वितळलेला धातू कुठून जाईल त्या वाटा, कास्टिंगचं रनर-रायझर, डिझाइन करते. आमच्याकडं कास्टिंग रिजेक्ट झालं की ते लपवत नाहीत, ते मधनं कापतात आणि चार माणसं वाकून बघतात की ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, कुठून आला, श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून झालेली पोकळी, कुठं पडलं. मला हे काम फार आवडतं. माझं बरं चाललंय, मी काही बिचारी नाहीये. पण अकरावी ते वायडी ही पाच वर्षं मला परत मिळणार नाहीत.

आता भावाबद्दल. माझं नाव फळ्यावर लागलं तेव्हा तो पहिलीत होता. रोज शाळा सुटल्यावर फळ्यापुढं उभा राहून त्या वेलीत स्वतःचं नाव शोधायचा, मला म्हणायचा, माझं कधी लिहिणार? तीन वर्षांनी त्याचीही चाचणी झाली. ९७. आणि बाईंनी आईला त्याच्यासमोर सांगितलं, "हा काही ताईसारखा नाही हो." आता मला माहीत आहे की ९७ म्हणजे अगदी नॉर्मल, जगातली निम्मी माणसं ९० ते ११० च्या मधेच असतात, पण त्या दिवशी हे आईला सांगायला कुणी नव्हतं. त्या दिवसापासनं तो घरात "न्हाई, मला काय तेवढं डोकं न्हाई" असं म्हणायला लागला आणि आज छत्तीस... नाही, तेहेतीस वर्षांचा झाला तरी म्हणतो. हा माणूस गाडी दारात यायच्या आधी नुसत्या आवाजावरनं सांगतो की कुठल्या व्हॉल्व्हचं सेटिंग गेलंय. गिऱ्हाईक पुण्याहून गाडी घेऊन येतं त्याच्याकडं. आणि तो फॉर्म हातात धरून मला विचारतोय की पोरगा तुझ्यावर गेला असला तर.

त्याच्या पोराच्या बाबतीत तुम्ही आता हेच परत करणार आहात, म्हणून माझे आक्षेप नीट लिहिते.

पहिला, आकडे फलकावर लावण्याबद्दल. ज्या माणसानं ही चाचणी जन्माला घातली त्याचा हेतू काय होता ते बघा. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थेओडोर सिमॉन यांनी पहिली चाचणी केली ती शाळेत मागं पडणारी मुलं शोधून त्यांना जास्तीची मदत देता यावी म्हणून. बुद्धी म्हणजे जन्माला येताना ठरलेली, कधी न बदलणारी गोष्ट, असं बिने मानत नव्हते. मानसिक वय भागिले खरं वय ही कल्पना १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी आणली आणि १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मननी ती शंभरानं गुणून चाचणीत घातली, म्हणजे दहा वर्षांच्या मुलीनं पावणेपंधरा वर्षांच्या मुलीइतकं केलं की १४८, एवढाच अशा आकड्याचा मूळ अर्थ. मदत कुणाला लागते ते शोधायचं साधन होतं ते. रांग लावायला तुम्ही ते वापरताय.

दुसरा आक्षेप साध्या हिशोबाचा आहे. दुसरीच्या चार तुकड्या, साधारण दोनशे मुलं. या चाचण्यांमध्ये सरासरी १०० धरतात आणि १३० च्या वर शंभरात दोनच मुलं असतात. म्हणजे तुमच्या दोनशेत अशी चार-पाच मुलं निघतील. तुकडी मात्र चाळीसची करायचीय. चाळीस भरायची तर रेघ ११२-११३ च्या आसपास ओढावी लागते, आणि एकाच मुलाची चाचणी आज घेतली आणि महिन्यानं घेतली तर पाच-सहा गुण सहज इकडं-तिकडं होतात. ताप आला होता, आधल्या रात्री शेजारी लग्नाचा डॉल्बी होता, समोरच्या मॅडमला बघून पोरगं बुजलं, एवढं पुरतं. तर १११ वाला पोरगा साधा आणि ११३ वाली पोरगी प्रज्ञावंत, हे तुम्ही सात वर्षांच्या मुलांना कुठल्या तोंडानं सांगणार?

आणि आकडाही कुठल्या चाचणीचा, हे फॉर्मवर कुठंच नाही. आपल्याकडं कामतांनी बिनेच्या चाचणीची मराठी आणि कन्नड मुलांसाठी केलेली आवृत्ती आहे, नागपूरच्या मालिन यांची १९६९ ची आहे, दोन्ही त्या काळी फार मोलाची कामं. पण १९८४ मध्ये जेम्स फ्लिन या संशोधकांनी दाखवून दिलं की अमेरिकेत दर दहा वर्षांनी लोकांचे गुण साधारण तीननं वाढत गेले, म्हणजे जुन्या मापानं आजचं मूल मोजलं की आकडा फुगूनच येतो. जुनं माप वापरलं तर निम्मा वर्ग हुशार निघेल आणि पालक खूश होतील, पण ते खरं नसेल.

चाळणीतनं काय निसटतं तेही सांगते. १९२१ मध्ये याच टर्मननी कॅलिफोर्नियात हुशार मुलं शोधायचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यांच्या चाळणीत दोन मुलं बसली नाहीत, विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ. दोघांनाही पुढं फिजिक्सचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ ला. माझ्या भावाला नोबेल मिळेल असं मी म्हणत नाहीये, पण त्याला कुणीतरी आयटीआयच्या पुढं ढकललं असतं तर तो कुठं असता हे मला आजही रात्री आठवतं.

बोटांच्या ठशांच्या टेस्टबद्दल मी जास्त लिहीत नाही, फक्त एवढंच, की तिला काहीही शास्त्रीय आधार नाही असं इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनं जाहीर केलेलं आहे. विज्ञान प्रदर्शन भरवणाऱ्या शाळेच्या लेटरहेडवर ती छापलेली बघून मला फार वाईट वाटलं. ज्या पालकांकडनं तुम्ही तिचे पैसे घेणार त्यातले बरेचसे माझ्या आण्णांसारखे आहेत, शाळा सांगते म्हणजे बरोबरच असणार म्हणणारे.

ज्यांना चाळीसात घ्याल त्या मुलांचं तरी भलं होईल असं वाटत असेल तर तेही बघा. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग प्रसिद्ध झाले, दहा-अकरा वर्षांची मुलं. सोपी कोडी सोडवल्यावर काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस. मग अवघड कोडी दिली, जी कुणालाच नीट जमणार नव्हती. त्यानंतर हुशार म्हटलेली मुलं सोप्या कोड्यांवरसुद्धा आधीपेक्षा मागं पडली, आणि आपले मार्क दुसऱ्या मुलांना कळवायला सांगितल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून लिहिले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ट्रंकेतला पेपर आठवला. खोटं बोलणारी मुलं वाईट नव्हती, त्यांना जे नाव दिलं होतं ते सांभाळायची धडपड होती ती.

फॉर्मवर "राजर्षींच्या नगरीतील अभिनव उपक्रम" असं छापलंय. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा कुठलं पोरगं किती हुशार हे विचारलं नव्हतं, पोरगं शाळेत पाठवलं नाही तर बापाला दंड होता. त्यांचं नाव मुलं वेगळी काढायच्या फॉर्मवर नको. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ शाळाप्रवेशासाठी मुलांची चाळणी घ्यायला बंदी करतं. तुम्ही म्हणाल हा प्रवेश नाही, आतल्या आत तुकडी आहे. असेल. पण फॉर्मवर "प्रवेश मर्यादित" असं तुम्हीच लिहिलंय.

मी असं म्हणत नाहीये की सगळी मुलं सारखीच असतात आणि वेगानं शिकणाऱ्यांसाठी काही करू नका. उलट मी तर तेच मागतेय. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासनं या मुलांसाठी काम करतेय, १९६९ ला त्यांनी वेगळी प्रशालाच काढली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा अशा मुलांना जास्तीचं साहित्य द्या, विषयांची मंडळं आणि प्रकल्प सुरू करा असं लिहिलंय. म्हणजे आधी शिकवायचं काय ते ठरवतात. तुमच्या दोन पानी फॉर्ममध्ये या तुकडीला वेगळं काय शिकवणार याची एक ओळ नाहीये, मी तीनदा वाचला. कोण शिकवणार, त्या शिक्षकांना काय ट्रेनिंग देणार, काही नाही. गणवेशाला वेगळा टाय मात्र आहे.

म्हणून माझ्या मागण्या, स्पष्ट:

१. माझा फोटो, नाव आणि आकडा बोर्डावरनं आणि शाळेच्या फेसबुक पेजवरनं येत्या सोमवारपर्यंत काढा. इतर कुठल्याही माजी विद्यार्थ्याचा लावला असेल तर तोही.

२. कुठल्याही मुलाचा आकडा फलकावर, ग्रुपवर, गॅदरिंगला, ओळखपत्रावर कुठंही लावू नका. चाचणी घ्यायचीच असेल तर ती शिकलेल्या मानसशास्त्रज्ञाकडनं, एकेका मुलाची वेगळी, आणि रिपोर्ट फक्त पालकांना, समोर बसवून समजावून. आकड्याबरोबर मुलाला काय जड जातंय तेही लिहा. वाचताना अक्षरं उलटीसुलटी होणारी मुलंसुद्धा तल्लख असतात आणि ती नुसत्या आकड्यात दबून जातात.

३. ठशांची टेस्ट रद्द करा. ज्यांनी पैसे भरलेत त्यांना परत द्या.

४. वेगळी तुकडी करू नका. त्याऐवजी शनिवारी दोन तास अवघड गणितांचा, कोड्यांचा, प्रयोगांचा वर्ग सुरू करा, ज्याला यायचंय त्याला येऊ द्या, आकडा न विचारता. एखादं मूल एका विषयात फार पुढं असेल तर त्या विषयाच्या तासाला त्याला वरच्या वर्गात बसू द्या, बाकी वेळ आपल्या मित्रांबरोबर. या वर्गाला शिकवायला मी स्वतः येईन, दर शनिवारी, एक रुपया न घेता. ठोकळे मी आणते.

५. शिक्षकांना एवढं सांगा की ज्या मुलाला येतंय त्याचीही वही उघडून बघायची. त्याला येत नाही असं काहीतरी दर आठवड्याला त्याच्यापुढं ठेवायचं आणि तो अडकला की त्याच्याशेजारी बसायचं.

सोमवारपर्यंत बोर्ड उतरला नाही तर मी शिक्षणाधिकाऱ्यांकडं रीतसर अर्ज देणार आहे, त्याची प्रत तुम्हालाही मिळेल. मला ती वेळ यायला नकोय. तुमच्यातले दोघं तिघं मला लहानपणापासनं ओळखतात, माझ्या लग्नात जेवून गेलेत, मी त्यांच्या पाया पडले आहे, आजही पडेन.

भाच्याचा फॉर्म त्याच्या डायरीत घालून परत पाठवलाय. सही केलेली नाही. भावाला मी सांगितलं की कितीच्या वर आलं म्हणजे बरं याचं उत्तर माझ्याकडं नाही, पण पोराला संध्याकाळी गॅरेजवर घेऊन ये, त्याला कार्ब्युरेटर खोलायला दे आणि तो कुठं अडकतो ते बघ. काल रात्री भावाचा फोन आला होता. पोरानं जेट काढलं, परत बसवताना दोनदा उलटं बसवलं, तिसऱ्यांदा बरोबर बसवलं, आणि आता झोपायला तयार नाही.

तुमची,
१९९९ च्या चौथीतली विद्यार्थिनी
मंगळवार पेठ, कोल्हापूर